वाचकांचे प्रश्न : गवताच्या पडीत न नांगरता गहू

पाऊस ओसरायला लागला की या सदराकडे गव्हाची पत्रं सुरू होतात. या वेळी बरीचशी एकाच विषयावर आहेत: वर्षानुवर्षं गवत राखलेल्या जमिनीत झिरो टिल ड्रिलने (न नांगरलेल्या जमिनीत बारीक खाच पाडून पेरणारं यंत्र) थेट गहू पेरणे. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

तीन एकर मध्यम काळी जमीन आठ-दहा वर्षं गुरांच्या वैरणीसाठी गवताखाली आहे. आता जनावरं कमी झाली. विहिरीला पाणी आहे, झिरो टिल ड्रिल भाड्याने मिळतं. नांगरटीचा खर्च वाचवून थेट गहू घेता येईल का?
– वाचक, काटोल तालुका

घेता येईल. मात्र पीक साधणार की फसणार हे नोव्हेंबरात यंत्र शेतात उतरतं तेव्हा ठरत नाही, सप्टेंबरात ठरतं. गवत पूर्ण मेलं नसेल तर कितीही चांगलं ड्रिल आणा, गव्हाच्या तासातून आधी गवतच वर येईल.

आधी धुऱ्याधुऱ्याने फिरून गवत कोणतं आहे ते ओळखा. पवन्या, कुसळी, मारवेल असेल तर काम सोपं. हरळी चिवट, पण आटोक्यात येते. कुंदा असेल तर मात्र थांबून विचार करा. काळ्या जमिनीत त्याची कांडं खोल जातात आणि प्रत्येक पेऱ्यातून नवा कोंब फुटतो. निम्म्याहून जास्त रान कुंद्याचं असेल तर या वर्षी ड्रिलचा नाद सोडा. येत्या एप्रिल-मे मध्ये एकदा खोल नांगरून कांडं उन्हात वाळवा, वेचून काढा, आणि बिननांगरटीची शेती त्यानंतर सुरू करा. उगवलेल्या गव्हात कुंदा तेवढा मारून गहू वाचवेल असं तणनाशक नाही.

बाकी गवतांसाठी क्रम असा. ऑगस्टच्या शेवटी गवत कापून वैरण काढून घ्या. तीन-चार आठवड्यांत वीतभर हिरवा फुटवा येईल, फवारणी त्याच्यावर करायची. उंच, निबर, कुसळं धरलेल्या गवतावर औषध मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ग्लायफोसेट हे तणनाशक हिरव्या, वाढत्या पानातूनच मुळापर्यंत उतरतं. ४१ टक्के द्रावणाचं प्रमाण एकरी ८०० मिली ते १.२ लिटर, पाणी १५० ते २०० लिटर. पाणी स्वच्छ हवं. नाल्याच्या गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांना हे औषध चिकटतं आणि निकामी होतं. बोअरचं पाणी जड असेल तर आधी १०० लिटरला २ किलो अमोनियम सल्फेट विरघळवा, मग औषध घाला. फवारल्यावर निदान सहा तास उघडीप मिळाली पाहिजे.

याबाबत दोन सूचना. ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला, म्हणून तालुका कृषी कार्यालयात सध्याचा नियम विचारूनच पुढे जा. आणि तुमच्या भागात शेजारी संत्रा, पऱ्हाटी किंवा तूर असतेच. वारा पडलेला असताना, पंपाला हूड लावून, नोझल खाली धरून फवारा. संत्र्याच्या कोवळ्या फांदीवर उडालेला फवारा पुढे भांडणाला कारण होतो.

तीन आठवड्यांनी रान पिवळं दिसेल. दिसण्यावर जाऊ नका. चार ठिकाणी कुदळीने ठोंब उपटा आणि पेरं नखाने चिरा. आतून पांढरं, रसरशीत असेल तर ते जिवंत आहे. तपकिरी आणि पोकळ असेल तरच मेलं. जिवंत ठिगळांवर ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा हात फिरवा. औषध मारलेलं गवत गुरांना घालू नका.

गवत वेळेवर मेल्याचा दुसरा फायदा ओलीचा. जिवंत गवत ऑक्टोबरभर जमिनीतलं पाणी ओढत राहतं, काळी माती भेगाळते, आणि मग पेरणीपूर्व ओलिताचं निम्मं पाणी भेगांतच जातं.

मागच्या वर्षी असाच गहू पेरला. कुठे दाणे उघडे पडले, कुठे उगवलाच नाही. यंत्रवाला म्हणतो बियाणं खराब होतं. चूक कुठे झाली असेल?
– वाचक, उमरेड तालुका

बियाण्याची शंका घरच्या घरी मिटवता येते: १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि ८५ उगवले, तर बियाणं निर्दोष. तुमच्या वर्णनावरून दोष वापशाचा, म्हणजे पेरणीजोग्या ओलीचा दिसतो.

या ड्रिलचा उलट्या ‘टी’ आकाराचा फाळ मुळात न्यूझीलंडच्या कुरणांसाठी निघाला. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाने १९९० च्या सुमारास त्यावरून आपल्याकडचं यंत्र बसवलं, पण ते धानाच्या धसकटात गहू पेरण्यासाठी. त्यामुळे भाड्याने मिळणारं यंत्र वजनाला हलकं असतं आणि त्याला पुढे गवत कापणारी तबकडी सहसा नसते. जुन्या गवताच्या जाळीत ते दोन प्रकारे फसतं. माती सुकी असेल तर फाळ रुततच नाही, ढेकळं उचकटतो. माती ओली असेल तर खाचेच्या दोन्ही भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, आणि चार दिवसांनी काळी माती आकसली की भेग नेमकी त्याच खाचेतून पडते. दाणे उघडे दिसले ते यामुळे. वरून पाखरं आणि उंदीर आहेतच.

वापसा असा बघा: दोन इंच खालची माती घेऊन तळहातावर वळा. सुतळीसारखी वळली तर दोन दिवस थांबा. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबताच फुटला तर ट्रॅक्टर घाला. पेरणी सकाळी दहा-अकरानंतर करा, दव उडाल्यावर. दवाने भिजलेलं वाळकं गवत कापलं न जाता फाळाला गुंडाळतं. तबकडीचं यंत्र असेल तर ते गवत दुमडून खाचेत दाबतं, दाणा त्या काडीवर बसतो आणि मातीला टेकत नाही. न उगवलेल्या जागी उकरून पाहा, बहुतेक हेच सापडेल. पेरणीआधी मेलेलं गवत दोन-तीन इंचांवर कापून बाहेर काढलं तर ही कटकट बरीच कमी होते.

खोली ४ ते ५ सेंटिमीटर. बुटक्या जातींचा कोंब त्याहून खोलातून दमतो. पहिल्या वीस पावलांनंतर ट्रॅक्टर थांबवून प्रत्येक तासात बोटाने उकरा. मधल्या फाळांची खोली बरोबर आणि ट्रॅक्टरच्या चाकामागच्या दोघांची उथळ, हे नेहमी दिसतं. ते दोन फाळ थोडे खाली सरकवा.

बियाणं किती पडतं हे यंत्रावरच्या आकड्यांवर सोडू नका. ९ फाळ, २० सेंटिमीटर अंतर म्हणजे पट्टा १.८ मीटर. ४५ मीटर चाललं की एकराचा पन्नासावा भाग झाला. एकरी ४० किलो हवं असेल तर तेवढ्यात ८०० ग्रॅम पडायला हवं, म्हणजे एका नळीतून सुमारे ८९ ग्रॅम. नळ्यांना पिशव्या बांधून प्रत्यक्ष शेतात चालवून मोजा, कारण गवतावर यंत्राचं चाक घसरतं आणि जॅकवर फिरवून काढलेला हिशेब चुकतो. गवताच्या पडीत आम्ही एकरी ४५ ते ५० किलो धरायला सांगतो. उशिराच्या पेरणीला ५० धराच.

पेरून पंचवीस दिवस झाले की गहू पिवळा पडतो. जमीन तर इतकी वर्षं शेण-मुताची. मग खत कमी कसं पडतं?
– वाचक, कळमेश्वर तालुका

जमिनीत नत्र आहे, पण अडकलेलं. मेलेल्या गवताची मुळं कुजवणारे जिवाणू उपलब्ध नत्र आधी स्वतः वापरतात, गव्हाला नंतर मिळतं. ओळखायची खूण शेतातच आहे: जिथे शेणाचे पो पडले होते तिथला गहू गडद हिरवा आणि आजूबाजूचा पिवळा असेल, खालची पानं शेंड्याकडून पिवळी होत असतील, तर नत्रच. पिवळं झाड अलगद उपटून येत असेल आणि बुडाशी मातीचे बोगदे दिसले, तर ती वाळवी. तिथे युरिया टाकून काही होत नाही. पडीक रानात वारुळं असतातच, तेव्हा बीजप्रक्रिया टाळू नका. आधी थायरम हे बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम, मग लेबलवर गव्हासाठी दिलेल्या प्रमाणात कीटकनाशक, आणि पेरणीच्या दिवशी शेवटी सावलीत अॅझोटोबॅक्टर व पीएसबी ही जिवाणू खतं, प्रत्येकी १० किलोला २५० ग्रॅम.

वेळेवरच्या बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र, स्फुरद, पालाश अशी आहे. एकराला ती अशी बसते: डीएपी ५० किलो आणि पोटॅश २७ किलो ड्रिलच्या खतपेटीतून, युरिया ३३ किलो पेरणीपूर्व ओलिताच्या तोंडावर फेकून. उरलेला ५२ किलो युरिया एकाच वेळी न देता १८ ते २१ दिवसांना ३० आणि ४० ते ४५ दिवसांना २२ असा द्या. युरिया खतपेटीत घालू नका, बियाण्याच्याच खाचेत पडला तर कोंब जळतो. आणि वाळक्या गवताच्या थरावर फेकून दोन दिवस तसाच ठेवला तर त्यातलं नत्र हवेत उडून जातं. फेकला की त्याच दिवशी पाणी सुरू करा.

न नांगरता सारे (पाणी देण्याचे वाफे) कसे पाडायचे?
– वाचक, सावनेर तालुका

पाडू नका. खाचखळगे आणि वारुळं फेब्रुवारी-मार्चमध्येच सपाट करून ठेवा आणि पाणी तुषार संचाने द्या. पाळ्या नेहमीच्याच: मुकुटमुळं फुटताना १८ ते २१ दिवस, कांडी धरताना ४० ते ४५, फुलोरा-चिकाला ६५ ते ७०, दाणे भरताना ८० ते ८५. पहिली पाळी चुकवली तर पुढच्या कोणत्याही पाळीने भरून निघत नाही.

मौद्याकडे धानाच्या बांधीत हेच ड्रिल सहज चालतं. मग गवतात एवढी कटकट का?
– वाचक, मौदा तालुका

धान कापलं की मेलं. गवत मरत नाही. शिवाय बांधीत ओल आयती असते. तुमची अडचण फक्त वेळेची: १५ नोव्हेंबरनंतर जसजसा उशीर होतो तसतसं उत्पादन घटत जातं. उशीर होणारच असेल तर एकेएडब्ल्यू-४६२७ सारखी उशिराची जात घ्या.

घराजवळची पडीक जागा वडिलांपासून आमच्या वहिवाटीत आहे. त्यात गहू घ्यावा का?
– वाचक, रामटेक तालुका

आधी सातबारा काढा. ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असेल तर फवारणीही करू नका. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वन म्हणूनच धरल्या आहेत. गायरानाची नोंद असेल तरीही ती जागा तुमची नाही. जमीन खासगी मालकीची निघाली आणि जंगल जवळ असेल, तर रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी कुंपणाचा खर्च बियाण्याच्या आधी धरा. आजूबाजूला पडीक असताना एकटा हिरवा गहू त्यांना लांबून दिसतो.