शूज घ्यायच्या आधी जरा थांब

अगं, तू पाठवलेले पळायच्या शूजचे फोटो बघितले. सगळेच कार्बन प्लेटवाले (सोलच्या आत कडक कार्बनची पट्टी असते ते), किंमत बघून मी आधी पाणी प्यायलो. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे 2019 ला व्हिएन्नात 1:59:40 मध्ये मॅरेथॉनचं अंतर पळाला ते असल्याच शूजमध्ये, मान्य, पण तो किलोमीटरला 2 मिनिटं 50 सेकंदांनी पळत होता आणि आपण सात-साडेसातवाले, त्या स्पीडला तो उंच मऊ सोल पायाखाली डुगडुगतो, निदान मला तरी घाटात त्याचा भरवसा वाटत नाही.

तुझी रेस साताऱ्याची आहे हे डोक्यात ठेव. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा, त्यात पावसाचे दिवस. उतारावर पाय शूजमध्ये पुढे सरकतो, बोटं टोकाला आदळत राहतात आणि मग नखं काळी पडतात. म्हणून मी सगळ्यात आधी पुढची जागा बघतो, ब्रँड नंतर. उभं राहून सगळ्यात लांब बोटापुढे (ते अंगठ्याशेजारचंही असू शकतं) एक आडवा अंगठा मावला पाहिजे, आणि दुकानात संध्याकाळी जायचं, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, पळायचे मोजे घरूनच न्यायचे. तुझा पंजा पसरट आहे ना, मग लेडीज मॉडेलमध्ये वाइड मागून बघ, नसेल तर सरळ जेन्ट्सचं नॉर्मल घालून बघ, ते रुंदीला साधारण तेवढंच असतं, लाजायचं काय त्यात! टाच सैल वाटली तर वरचं ते जास्तीचं भोक असतं ना, जे कोणीच वापरत नाही, त्यातून लेस ओवून लूप कर, टाच घट्ट बसते.

ड्रॉप म्हणजे टाच आणि पंज्याच्या उंचीतला फरक, मला 8-10 मिमी बरा पडतो. झीरो ड्रॉपवर एकदम उडी मारू नकोस, पोटऱ्या बोंबलतात. सेल्समन म्हणेल पाय सपाट आहे, सपोर्टवालाच (पाय आत कलू नये म्हणून आधार दिलेला) घ्या. त्याचं ऐकून घे आणि साधा पण घालून पळून बघ, दुकानाबाहेर पळू देत नसतील तर दुसरं दुकान. जो घातल्यावर विसरायला होतो तो घ्यायचा.

खालचं रबर मात्र हात लावून बघच, नुसता फोम असेल तर ओल्या डांबरावर घसरायला होतं. रंगाला माझ्याकडे शून्य मार्क, पांढरा तर पावसाळ्यात नकोच. मागच्या वर्षीचं मॉडेल सेलमध्ये मिळालं तर डोळे झाकून घे, साइज बघून अर्थात. उरलेल्या पैशात जमलं तर दुसरा साधा जोड, कारण भिजलेला शूज एका रात्रीत वाळत नाही, आत पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचा, उन्हात किंवा हीटरपुढे नाही, गोंद सुटतो.

आणि जुने टाकू नकोस एवढ्यात, रविवारी लाँग रनला येताना पिशवीत घेऊन ये, तळ कुठे झिजलाय ते बघून मग दुकानात जाऊ.