पाणी-पत्रं : गंगा आटणार का, आणि लेहला मे महिन्यात पाणी का नसतं?

हिमनद्यांबद्दलची बरीच पत्रं साठली होती, ती या वेळी एकत्र घेते. सारखे प्रश्न एकात मिसळले आहेत.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय की २०३५ पर्यंत हिमालयातला सगळा बर्फ संपेल आणि गंगा कोरडी पडेल. माझे मेहुणे म्हणतात, सगळी भंपकगिरी आहे, काराकोरममध्ये हिमनद्या उलट वाढतायत. कोणाचं खरं? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : मेसेजही चूक आणि मेहुणेही. २०३५ चं भूत जुनं आहे. आयपीसीसी या जागतिक हवामान समितीच्या २००७ च्या अहवालात हे साल घुसलं, कुणी धड तपासलं नाही, आणि जानेवारी २०१० मध्ये समितीला ते जाहीरपणे मागे घ्यावं लागलं. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना ते कळवायचं मात्र राहून गेलं.

म्हणून बर्फ टिकून आहे असं समजू नका. अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी १९७० च्या दशकात काढलेले फोटो पुढे अभ्यासकांना खुले झाले. त्यांच्या आधारे हिमालयातल्या सुमारे ६५० हिमनद्यांची जाडी तपासली गेली. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा की २००० नंतर बर्फ घटण्याचा वेग त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या साधारण दुप्पट आहे. काराकोरममधल्या बऱ्याच हिमनद्या काही दशकं जवळपास स्थिर राहिल्या, एवढं तुमच्या मेहुण्यांचं बरोबर. पण स्थिर म्हणजे वाढत्या नव्हे, आणि अलीकडच्या मोजण्यांत ती स्थिरताही डळमळताना दिसते.

आता गंगा. तिला पोसतो तो पाऊस. हिमालयातल्या तिच्या वरच्या खोऱ्यातसुद्धा वर्षभराच्या पाण्यात हिमनद्यांच्या बर्फाचा वाटा जेमतेम दहा-बारा टक्के धरला जातो. खाली वाराणसीपर्यंत येताना तो आणखी किरकोळ होतो. सिंधूचं गणित वेगळं. मोसमी ढग डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात, त्यामुळे तिच्या वरच्या खोऱ्यात सुमारे चाळीस टक्के पाणी हिमनद्यांचं आणि वीसेक टक्के हिवाळी हिमाचं. काळजी करायचीच असेल तर आधी सिंधूची करा.

प्रश्न : बर्फ जास्त वितळतोय म्हणजे पाणी वाढायला हवं ना? माझा भाऊ सैन्यात आहे, लेहजवळ. तो म्हणतो, मे महिन्यात गावांत पाण्यावरून भांडणं होतात. हे कसं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मुदत ठेव मोडून खाल्ली की काही वर्षं हातात पैसा खुळखुळतो, तसं हिमनदी आटताना काही काळ नदीचं पाणी वाढतं. मग उतरंड लागते. मोठ्या खोऱ्यांत ही उतरंड शतकाच्या मध्याच्या आसपास सुरू होईल असा अंदाज आहे. छोट्या हिमनदीवर जगणाऱ्या छोट्या ओढ्यांवर ती लवकर येते, आणि लडाखमधल्या बहुतेक हिमनद्या छोट्याच आहेत.

पण तुमच्या भावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर महिन्यात आहे. लेहला वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. सातू पेरायचा एप्रिल-मेमध्ये, कारण पुढे थंडी गाठते. हिमनद्या असतात पाच हजार मीटरच्या वर, त्या जूनपर्यंत जाग्या होत नाहीत. मधले आठवडे तारून न्यायचं काम उतारांवर साठलेल्या हिवाळी हिमाचं. ते कमी पडलं किंवा वेळेआधी वितळून गेलं, की पेरणीला पाणी नाही. जुलैत ओढा दुथडी भरून वाहिला तरी त्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

चेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्यांनी नेमकी हीच फट ओळखली. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी फुकट सिंधूला जातं. १९८७ पासून त्यांनी ते गावाच्या वरच्या अंगाला, सावलीच्या उतारावर वळवलं, दगडी बांधांच्या पायऱ्यांवर पातळ पसरवलं आणि गोठू दिलं. ही जागा खऱ्या हिमनदीपेक्षा पुष्कळ खाली, म्हणून बर्फ एप्रिलमध्येच सुटतो. त्यांना २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांचा बर्फाचा स्तूप हा त्याच विचाराचा पुढचा भाग. वरून नळातून आलेलं पाणी स्वतःच्या दाबाने कारंज्यासारखं उडतं, रात्रीच्या थंडीत गोठत शंकू होतो. शंकूला ऊन कमी लागतं, त्यामुळे सावली शोधावी लागत नाही. नळच गोठून तुंबतात ही त्यातली डोकेदुखी.

टाळ्या वाजवण्याआधी एक लक्षात घ्या. या युक्त्या नवं पाणी आणत नाहीत, जानेवारीचं पाणी एप्रिलला देतात. वरचा ओढाच आटला तर गोठवणार काय? लडाखच्या झंस्कर भागातलं कुमिक गाव पाणी कमी होत गेल्यावर शेवटी खाली नवी जागा धरून घरं बांधू लागलं.

प्रश्न : आमच्याकडे पांझरा नदीवर फड होते, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची शेतं. पाटकरी पाण्याच्या पाळ्या लावायचा. तिकडे लडाखमध्ये कोण लावतं? (एक शेतकरी, साक्री)

उत्तर : चुरपोन. गावाने नेमलेला पाण्याचा माणूस. त्याच्या मागून बांधाबांधाने हिंडायला मला फार आवडतं. एका शेताचा भर झाला की तो चपटा दगड चारीच्या तोंडाशी आडवा लावतो, फटींत गवतासकट मातीची ढेकळं दाबतो, पायाने चेपतो आणि दुसऱ्याचं तोंड फोडतो. बोलणं नाही. रात्रीचं पाणी ‘झिंग’ नावाच्या तळ्यात साठवतात आणि दिवसा सोडतात. तुम्हाला तिथे काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

प्रश्न : गोदावरी-कृष्णेवर हिमनद्यांचा परिणाम? (बऱ्याच जणांचा)

उत्तर : शून्य. त्या पावसाच्या नद्या. त्यांची दुखणी वेगळी आहेत.

प्रश्न : जूनमध्ये आमचा बारा जणींचा ग्रुप लेहला जातोय. आमच्यामुळे पाणी कमी पडतं का? होमस्टेमध्ये कोरडा संडास आहे म्हणे, जमेल ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पडतं. सिंधू शहराच्या बरीच खाली वाहते, पाणी वर चढवावं लागतं. हॉटेलांनी विंधनविहिरी घेतल्या आहेत आणि फ्लशला सर्वांत जास्त पाणी जातं. तेव्हा होमस्टेच घ्या, बादलीने आंघोळ करा, आणि रोज टॉवेल बदलून मागू नका. संडास नक्की जमेल. वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, शेजारी मातीचा ढीग. त्याचं पुढे खत होऊन शेतात जातं. फक्त नंतर माती टाकायला विसरू नका, फावडं तिथेच ठेवलेलं असतं.