घरात अडकून पडल्यावर बरे वाटू लागले, तर चुकले काय?

दीर्घ आजारपण, अपघात, शस्त्रक्रिया किंवा साथीच्या काळातली बंदी अशा कारणांनी ज्यांना आठवडेच्या आठवडे घरात राहावे लागते, त्यांच्याकडून मला एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो : इतके दिवस घरात बसून माझे कसे होणार? दुसरा एक प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो, आणि तोही आवाज खाली आणून. काही दिवसांनी आपल्याला चक्क बरे वाटू लागले आहे, हे लक्षात आल्यावर माणूस धास्तावतो आणि विचारतो, मी आळशी झाले आहे का, मला बाहेरच्या जगाची भीती बसली आहे का? हे दोन्ही प्रश्न मी एकाच व्यक्तीच्या तोंडून, दोन महिन्यांच्या अंतराने ऐकले. ती हकिगत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे सांगते आहे.

त्या बाई एका कंपनीत हिशेब विभागाच्या प्रमुख होत्या. वय चाळिशीच्या पुढे, घरी पती आणि पंधरा वर्षांचा मुलगा. जिन्यावरून पडून गुडघ्यालगत नडगीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली आणि तीन महिने त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे तपासणीच्या दिवसांचा अपवाद सोडला, तर पुढचे पंधरा आठवडे त्यांचा उंबरा ओलांडून झाला नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी व्हिडिओ कॉलवर पहिली भेट मागितली. रजा मंजूर झालेली होती, पगार चालू होता, तरीही त्या दिवसभर कार्यालयातल्या सहकाऱ्यांना संदेश पाठवत होत्या. उरलेला वेळ फोनवर काहीबाही पाहण्यात आणि वस्तू मागवण्यात जात होता. रात्री तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नव्हता आणि दुपारी नकळत झोप लागत होती. ‘मॅडम, मी रिकामी बसूच शकत नाही. मला वेड लागेल,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यात आपल्याच स्वभावाबद्दलची शरम मला स्पष्ट ऐकू आली.

ती शरम आधी दूर करणे मला आवश्यक वाटले. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. लोकांना एका खोलीत पंधरा मिनिटे काहीही न करता, केवळ आपल्या विचारांच्या सोबतीने बसायला सांगितले होते. हवे असल्यास एक बटण दाबून स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याची सोय होती. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असे ज्यांनी आधी सांगितले होते, त्यांच्यापैकीही १८ पुरुषांमधल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांमधल्या ६ जणींनी तो स्वतःला दिला. रिकामे बसणे जमत नाही हा एकट्यादुकट्याचा दोष नाही, बहुतेकांना त्याची सवयच नसते, एवढेच मला सांगायचे होते. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘म्हणजे माझा फोन हेच माझं बटण.’

पहिला उपाय झोपेसाठी होता. अंथरूण फक्त झोपेपुरते वापरायचे आणि जागेपणीचा वेळ दुसरीकडे काढायचा, हे तत्त्व रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडले आणि निद्रानाशाच्या उपचारांत ते आजही वापरले जाते. अंथरुणावरच जेवण, काम, फोन आणि चिंता असे सगळे चालू राहिले, की अंथरूण पाहून झोप येण्याऐवजी जाग येऊ लागते. त्यांना वॉकरच्या आधाराने चार पावले एका पायावर जाण्याची मुभा होती. त्यामुळे खिडकीशी हाताची एक खुर्ची आणि पाय वर ठेवायला स्टूल अशी जागा ठरली, आणि सकाळी उठल्यापासून रात्री झोप येईपर्यंत त्या तिथे बसू लागल्या.

दुसरी गोष्ट मात्र मी ठरवून सुचवली, असे म्हणता येणार नाही. ती त्यांच्या परिस्थितीतूनच आली. चालता येत नसल्यामुळे कोणत्याही वस्तूसाठी कोणाला तरी हाक मारावी लागत होती, आणि त्यावरून घरात कुरबुरी सुरू झाल्या होत्या. पतीही आता थकले होते. मी त्यांना एका वहीत दिवसभरातल्या प्रत्येक मागणीची नोंद करायला सांगितले : काय मागितले, किती वाजता, आणि ते मिळाल्यावर किती वेळ वापरले. आयुष्यभर हिशेब लिहिणाऱ्या बाईंना हे काम आवडले. पहिल्या दिवशी चौतीस नोंदी झाल्या. दुसरी शाल, जुने मासिक, फोनचे दुसरे चार्जर, हाताला लावायचे क्रीम, पुन्हा पहिली शाल. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा होता, म्हणजे वस्तू आली आणि तशीच पडून राहिली.

‘हाक मारण्याआधी दहा मिनिटं थांबून बघा,’ एवढेच मी सुचवले. आठवड्याभरात नोंदी अकरावर आल्या. खुर्चीशेजारच्या तिपाईवर पाण्याची बाटली, चष्मा, औषधांची डबी, वही, पेन्सिल आणि एक पुस्तक अशा सहा वस्तू उरल्या, आणि फोन पलीकडच्या टेबलावर गेला. मला महत्त्वाचे वाटले ते आकडा खाली येणे नव्हे, तर त्या काळात त्यांच्या नजरेला आलेली एक गोष्ट. इच्छा उठते, काही मिनिटे तगादा लावते, आणि तिच्याकडे कोणी पाहिले नाही तर आपली आपण विरून जाते, हे त्यांनी प्रथमच अनुभवले. एरवी वस्तू मागवणे आणि ती हातात येणे यांत इतके थोडे अंतर असते की इच्छा विरताना पाहण्याची संधीच आपल्याला मिळत नाही. त्यांच्या मोडलेल्या पायाने ते अंतर पुन्हा निर्माण केले होते.

साधे राहणे हा शब्द आपण फार घाईने वापरतो, असे माझे मत आहे. ज्याच्याकडे मुळातच काही नाही, त्याला साधेपणाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि ज्या घरात मारहाण किंवा अपमान होतो, त्या घरात अडकून पडणे हे संकटच असते, तिथे मदत आणि सुटका हाच उपाय. या बाईंचा पगार चालू होता, घर सुरक्षित होते आणि हाकेला ओ देणारी माणसे होती. पुढे जे घडले ते या आधारावर घडले, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

खिडकीतून समोरच्या इमारतीची बाजू आणि एका झाडाचा शेंडा दिसे. सुरुवातीला त्यांना त्यात काही पाहण्यासारखे वाटले नाही. मग एके दिवशी चारच्या सुमारास खिडकीतून आत आलेल्या उन्हाच्या चौकोनाची कड त्यांच्या स्टुलाजवळच्या फरशीवर नेमकी सांध्यावर आलेली त्यांनी पाहिली. तीन दिवसांनी त्याच वेळी ती सांध्यापासून थोडी सरकलेली होती. त्यांनी मुलाला तिथे पेन्सिलीने बारीक रेघ ओढायला सांगितले आणि बाजूला तारीख लिहायला लावली. त्यानंतर दर रविवारी चार वाजता ही रेघ ओढणे हा मायलेकरांचा नेम झाला. मुलगा गुडघे टेकून पट्टी धरत असे, त्या खुर्चीवरून ‘अजून थोडं डावीकडे’ असे सांगत. ऋतू बदलतो म्हणजे नेमके काय होते, हे आपल्याच घरातल्या फरशीवर इतक्या वर्षांत कधी पाहिले नव्हते, असे त्यांनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या आवाजात कुतूहल होते. मला ते पहिल्यांदाच ऐकू आले.

खिडकी आणि आजारपण यांचा संबंध केवळ कवींनी लावलेला नाही. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या होत्या. वय आणि इतर बाबींत जुळणाऱ्या या जोड्यांमध्ये एकाच्या खिडकीतून झाडे दिसत आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास छोटा आहे आणि त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण घरात अडकलेल्या माणसाची खुर्ची कोणत्या दिशेला ठेवायची, एवढा निर्णय घ्यायला तो पुरेसा आहे.

मुलाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बाईंच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ तोच होता. आधी त्या घरी पोहोचल्या की ‘काय झालं शाळेत?’ असा प्रश्न विचारत आणि ‘काही नाही’ असे उत्तर मिळे. आता आई एका जागी बसलेली आहे, तिला कुठे जायचे नाही आणि ती काही विचारतही नाही, अशा वातावरणात तो अभ्यासाची वही घेऊन खिडकीपाशी येऊन बसू लागला. या वयातली मुले समोरासमोर बसवून बोलती होत नाहीत. शेजारी बसून, दोघांचे लक्ष तिसऱ्याच गोष्टीवर असताना बोलतात. एका रविवारी रेघ ओढताना, मान वर न करता, वर्गातली काही मुले वर्षभर आपल्याला त्रास देत आहेत, हे त्याने सांगितले. मी घरात असताना मला हे का कळले नाही, या विचाराने त्या रडल्या. पण त्याच आठवड्यात त्यांनी आणि पतीने शिक्षकांशी बोलून तो प्रश्न हाती घेतला.

दहाव्या आठवड्यात त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. झोप सुधारली होती, घरातली कुरबूर थांबली होती, हाड जुळत असल्याचे डॉक्टर सांगत होते, आणि त्यांनी आवाज खाली आणून म्हटले, ‘मॅडम, मला बरं वाटतंय आणि त्याचीच भीती वाटते. मी लपून तर बसले नाही ना?’

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नसतो. घरात बरे वाटणे हे कधी खरोखरच साधेपणाचे समाधान असते आणि कधी भीतीला मिळालेला आडोसा असतो, आणि वरवर पाहता दोन्ही सारखेच दिसतात. मी त्यांना विचारले, ‘तुम्हाला बरं वाटतं ते काही टळलं म्हणून, की काही मिळालं म्हणून?’ त्यांनी वहीची पाने उलटावीत तसे एकेका गोष्टीकडे पाहिले. शांत झोप, मुलाशी बोलणे, वाचन, उन्हाच्या रेघा हे सगळे मिळालेले होते. पण एका वरिष्ठांबरोबरची दर आठवड्याची बैठक टळली आहे, या विचाराने आपल्याला रोज सकाळी सुटल्यासारखे वाटते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले. तेवढ्यापुरत्या त्या लपून बसल्या होत्या. पुढच्या तीन भेटी आम्ही त्या एकाच गोष्टीला दिल्या, आणि कामावर रुजू होण्याआधीच त्या वरिष्ठांना फोन करून बैठकीची पद्धत बदलण्याबद्दल बोलायचे, असे ठरले.

दुसरी कसोटी मी जपानी मनोविकारतज्ज्ञ शोमा मोरिता यांच्याकडून घेते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत रुग्णाला प्रथम आठवडाभर एकांतात पडून राहायला सांगत; वाचन नाही, गप्पा नाहीत, करमणूक नाही. काही दिवसांनी रुग्णाला कंटाळा येई आणि काहीतरी करावेसे वाटू लागे. ही ओढ जागी झाली, की हलकी कामे सुरू होत. म्हणून मी बाईंना विचारले, ‘उठावंसं वाटतं का?’ त्यांनी हसून कॅमेरा फिरवला. खुर्चीत बसूनच हाताला येईल तो पुस्तकांचा खण त्यांनी सकाळी आवरला होता, आणि पायऱ्या उतरण्याचा दिवस त्या वहीत मोजत होत्या.

ज्या वाचकांना स्वतःबद्दल हीच शंका असेल, त्यांनी ही ओढ तपासून पाहावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, खिडकीबाहेर पाहण्याचीही इच्छा नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याला साधेपणा समजू नये. तिथे मनोविकारतज्ज्ञांना लवकर भेटावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी.

सोळाव्या आठवड्यात त्या पतीच्या आधाराने तीन मजले उतरल्या. कामावर गेल्यावर जुना वेग बराचसा परत आला, आणि दारात पुन्हा खोकी येऊ लागली आहेत, हेही त्यांनी लपवले नाही. टिकल्या त्या दोन-तीन गोष्टी : मागणीआधीची दहा मिनिटे, अंथरुणापासून दूर ठेवलेला फोन, आणि रविवारचे चार वाजता खिडकीपाशी बसणे. तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला, तेव्हा उन्हाची कड आता उलट दिशेने सरकू लागली आहे आणि जुन्या रेघा एकेक करून ओलांडते आहे, असे त्यांनी सांगितले. मुलाने दुसऱ्या रंगाची पेन्सिल आणली होती.