सायकलवाल्याला विचारा : 340 चा हट्ट कशासाठी?

प्रश्न : दादा, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, उंची 5 फूट 9. दोन वर्षं झाली, 26 इंची डर्ट जंप सायकलवर स्ट्रीट ट्रायल्स (रस्त्यावरच्या भिंती-कठड्यांवर सायकलच्या कसरती) शिकतोय. बनी हॉप (दोन्ही चाकांसकट उडी), मॅन्युअल (पॅडल न मारता मागच्या चाकावर चालवणं), 180 (हवेत अर्धी गिरकी) हेच जास्त करतो, बॅकहॉप (मागच्या चाकावर उभं राहून उड्या) तीन-चार होतात मग पाय खाली. ओळखीतला एकजण टिग वेल्डिंगने 24 इंची चाकांसाठी कस्टम फ्रेम करून देतोय. मी ठरवलेले आकडे असे : चेनस्टे (बीबी ते मागच्या चाकाचा आस) 340 मिमी, बीबी (पॅडलचे दांडे फ्रेममध्ये ज्या आसावर फिरतात तो) +60, हेड अँगल (हँडलच्या नळीचा जमिनीशी कोन) 74, व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर) 960. आत्ताचा 100 मिमी दबणारा सस्पेन्शन फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) तूर्त त्यालाच लावतो, पैसे साठले की रिजिड, म्हणजे न दबणारा, घेईन. आकडे बरोबर आहेत ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मित्रा, एकेकटा आकडा घेतला तर कुठलाच चूक नाही, पण तू भेळ केलीयेस. 340, 74 आणि 960 हे सरळसरळ बीएमएक्सचे आकडे, म्हणजे 20 इंची चाकाचे. +60 कॉम्पिटिशन ट्रायल्सचा, जिथे सायकलला सीटसुद्धा नसते. चाकं तिसऱ्याच सायकलची आणि फोर्क चौथ्या सायकलचा.

आधी चेनस्टे घे, कारण तिथे जॉमेट्री कमी आणि हट्ट जास्त दिसतोय. 24 बाय 2.4 चा टायर हवा भरल्यावर साधारण 620 मिमी व्यासाचा भरतो, म्हणजे आसापासून टायरच्या टोकापर्यंत 310. आता 340 चा चेनस्टे, बीबी +20, सीट ट्यूब 72 अंशात आणि 28.6 मिमी जाडीची धर, कागदावर काढून बघ, टायर आणि सीट ट्यूबमध्ये जेमतेम 4-5 मिमी उरतात. तुझ्या +60 ने ते 12 होतात हे खरं, पण मग 340 टिकवायला बीबी वर न्यायचा असं उलटंच होऊन बसतं. चाक जरासं आउट झालं, एखादा खडा टायरला चिकटून आला की घासलंच. 360 घेतलास तर वीसच्या वर मोकळी जागा मिळते आणि सायकल लांब वगैरे अजिबात वाटत नाही, तुझ्या आत्ताच्या सायकलचा मोजून बघ, 385 च्या आसपास निघेल.

आणि हा आकडा नक्की कुठून कुठपर्यंत ते वेल्डरला लिहून दे. माझ्या पहिल्या फ्रेमला मी नुसतं 365 लिहिलं, करणाऱ्याने ते ड्रॉपआउटच्या (मागच्या चाकाचा आस बसतो त्या पट्टीच्या) खाचेच्या पुढच्या टोकापर्यंत धरलं, चेन बसवली तर चाक गेलं खाचेच्या मागच्या टोकाला आणि सायकल झाली 377 ची. चूक कोणाची यावर आम्ही दोन चहा भांडलो, चूक माझीच होती. तू आधी पुढचा-मागचा दात्यांचा जोड ठरव, चेनच्या कड्या मोज, मग खाचेच्या मध्यावर आस असताना 360 असं लिही. चेनची कड्यांची एक जोडी काढली की चाक 12.7 मिमी पुढे येतं, हाफ लिंक (जोडीऐवजी एकच कडी) वापरलीस तर त्याच्या निम्मं, म्हणून खाच निदान 15 मिमी तरी सरकू देणारी हवी. डिस्क ब्रेक लावणार असशील तर कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) पण आसाबरोबर सरकायला पाहिजे, नाहीतर चेन ताणली की ब्रेक बोंबलला.

आता बीबी. बीबी +60 म्हणजे पॅडलचा आस मागच्या चाकाच्या आसापेक्षा 60 मिमी वर. ट्रायल्सवाले हे का करतात? मागच्या चाकाच्या आसापासून बीबीपर्यंत एक रेघ मार, तुझ्या आकड्यांत ती रेघ सायकल जमिनीवर असतानाच 10 अंश वर चढलेली आहे. पुढचं चाक उचललं की तुझे पाय मागच्या चाकाच्या डोक्याकडे लवकर सरकतात, त्यामुळे मागच्या चाकावर उभं राहणं सोपं. पण तेच मॅन्युअलमध्ये अंगाशी येतं, कारण मॅन्युअलला तुला खाली आणि मागे बसायचंय आणि सायकल मात्र सारखी पाठीवर पाडायला बघते. 180 मारतानासुद्धा उंचावर उभं राहून फिरल्यासारखं वाटतं. तू स्वतः लिहिलंयस की तुझं जास्त काम बनी हॉप आणि मॅन्युअलचं आहे, मग +20 ते +25 च्या वर जाऊ नकोस. 360 आणि +22 ला ती रेघ साडेतीन अंश चढते, बॅकहॉप शिकायला तेवढं पुरतं. तुझे तीन-चारच होतायत ते बीबीमुळे नाहीत, मागचा ब्रेक आणि पॅडलची लाथ यांचा टायमिंग चुकतोय बहुतेक.

हेड अँगलचं थोडक्यात सांगतो. फोर्कचा ऑफसेट (हँडलच्या नळीच्या रेषेपासून पुढचा आस जितका पुढे तो) 35 मिमी धरला तर 72 अंशाला ट्रेल (ती रेषा जमिनीला मिळते तिथून टायर जितका मागे टेकतो ते अंतर) 64 मिमी येतो आणि 74 ला 52. ट्रेल कमी म्हणजे हँडल हलकं, चटकन वळणारं. 960 च्या तोकड्या सायकलवर भिंतीवरून उतरताना ते हँडल हातात नाचतं. 72 घे. व्हीलबेस वेगळा ठरवायचाच नाही खरंतर, तो उरतो : मागचा भाग ठरला, अँगल ठरला, मग उभं राहून हात कुठे आरामात पोचतात ते ठरलं की व्हीलबेस आपोआप निघतो. तुझ्या उंचीला 990 ते 1000 मध्ये निघेल असं वाटतं.

फोर्कचं मात्र ऐक. फ्रेम रिजिड फोर्कसाठी काढायची आणि तूर्त सस्पेन्शन लावायचा, हा यातला सगळ्यात महाग विचार आहे. सस्पेन्शन फोर्क रिजिडपेक्षा नुसता 60 मिमी जरी लांब निघाला तरी 1000 च्या व्हीलबेसवर हेड अँगल तीन अंशांहून जास्त आडवा पडतो, 72 चा 69 च्याही खाली जातो, वर बीबी वीसेक मिमी चढतो. म्हणजे वर्षभर तू भलत्याच सायकलवर शिकशील. त्यापेक्षा फ्रेम तीन महिने उशिरा कर, रिजिड फोर्क आधी घे आणि त्याची क्राउनपासून (फोर्कच्या वरच्या खांद्यापासून) आसापर्यंतची लांबी स्वतः मोजून ड्रॉइंगवर टाक, कॅटलॉगवर विसंबू नकोस.

या 24 इंची सायकलींना स्पर्धेत वेगळा वर्ग नाही, यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) ट्रायल्समध्ये वर्ग आहेत ते 20 आणि 26 इंचांचे. स्कॉटलंडच्या स्ट्रीट ट्रायल्सवाल्या डॅनी मॅकअ‍ॅस्किलचा एडिनबरोतला 2009 चा व्हिडिओ बघून हा नाद लागलेल्यांपैकी मी पण एक, तेव्हा मलाही वाटायचं की कुठेतरी एक बरोबर आकडा असणार आणि तो सापडला की झालं. तसा आकडा नाही. म्हणून ड्रॉइंग वेल्डरला पाठवायच्या आधी आत्ताची सायकल सपाट फरशीवर उभी कर, दोन्ही आसांची आणि बीबीची उंची टेपने मोज, ओळंबा सोडून आडवी अंतरं घे, आणि नवीन आकडे त्याच कागदावर शेजारी लिही. ज्या ओळीत फरक मोठा दिसेल तिथे स्वतःला विचार की हा फरक मला का हवाय.

प्रश्न : आमच्या गल्लीतले फॅब्रिकेशनवाले काका म्हणतात की गेटच्या पाइपची फ्रेम करून देतो, दणकट होईल. करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : करा, पण उडी मारायला नको. साध्या माइल्ड स्टीलचा यील्ड (कायमचं वाकायच्या आधी सोसतो तो ताण) 250 मेगापास्कलच्या आसपास असतो, 4130 क्रोमोलीचा (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाचा) नॉर्मलाइज्ड, म्हणजे तापवून हवेत थंड केलेल्या, अवस्थेतसुद्धा 430 च्या पुढे जातो. ताठपणा आणि वजन मात्र दोन्हींचं तेवढंच, त्यामुळे हातात घेऊन फरक कळणार नाही, कळेल तो हेड ट्यूबच्या जोडाला चीर गेल्यावर, तेव्हा तुम्ही हवेत असाल. माइल्ड स्टीलमध्ये तेवढी ताकद आणायची तर पाइप इतका जाड घ्यावा लागेल की सायकल उचलताना गेटच उचलल्यासारखं वाटेल.

काकांना नाराज करू नका पण. त्यांच्याकडून त्याच पाइपचा सांगाडा नुसता वेल्डिंगचा टाका (ठिपका) लावून जोडून घ्या, चाकं बसवा, हँडल धरून त्यावर नुसतं उभं राहून बघा. हात कुठे येतात, गुडघा हँडलला लागतो का, मागच्या चाकावर टेकताना कसं वाटतं, हे सगळं क्रोमोलीचा एक इंचही न कापता कळतं. नाही पटलं तर ग्राइंडरने टाका तोडायचा आणि 10 मिमी सरकवून परत लावायचा.