दोरावरचं लाकूड तासाला किती?

प्रश्न : मुलीकडे ऑस्ट्रियात गेलो होतो. इन्सब्रुकजवळच्या डोंगरात पोलादी दोरावरून अख्खी झाडं वरच्या रस्त्यावर ओढून आणताना पाहिली. माणसं जेमतेम तीन! अशानं तासाला लाकूड किती निघत असेल? आणि आपल्या चोरलच्या घाटात हे का करत नाहीत?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : तीन माणसं पुरतात. एक खाली झाडांना फास अडकवतो, एक वर ते सोडवतो, एक यंत्रावर. दोरावरची रिकामी ट्रॉली स्वतःच्या वजनानं उताराला लागते, भरली की विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र, तिला वर ओढतो.

आता हिशोब. जाणं, अडकवणं, येणं, सोडवणं मिळून सहा मिनिटं धरा, म्हणजे तासाला दहा फेऱ्या. फेरीला सव्वा घनमीटर आलं तर साडेबारा घनमीटर झाले. पण खोडं बारीक, 0.1 घनमीटरची असली, तर पाच फास लावूनही अर्धाच घनमीटर हाती येतो, आणि पाच फास लावायला वेळ उलट जास्तच जातो. तासाचा आकडा पाचाच्या खाली आला! अंतर, उतार, कामगारांचा सराव यांनीही फरक पडतो, पण मी आधी खोड केवढं आहे तेच विचारतो. यंत्र किती ताकदीचं, हे नंतर.

दुसरी गोष्ट पाहुण्याला दिसत नाही. टॉवर उभा करायचा, दोर उताराखाली नेऊन भक्कम झाडाला बांधायचा, मध्ये उंचवटा आला तर आधार द्यायचा. यात आठ तास गेले असं समजा. दोराच्या टप्प्यात येणाऱ्या जंगलाच्या पट्ट्यातून 400 घनमीटर निघणार असतील तर तासाला दहाचा वेग 8.3 वर येतो. 40 च निघणार असतील तर 3.3 वर. फक्त ओढण्याचे तास मोजून जो आकडा सांगतो, त्याच्यावर विसंबू नका.

चोरलला उत्तर इथंच मिळतं. तोडण्यासाठी खुणा केलेली सागाची झाडं विखुरलेली, एका पट्ट्यात हाती लागणार थोडी. दोर बांधायचा खर्चही निघणार नाही.

हिमालयातल्या देवदाराच्या उभ्या उतारांवर मात्र मी ठामपणे दोराच्या बाजूचा आहे. तिथं पूर्वी जागेवरच रेल्वे रुळांखालचे स्लीपर कापून नदीत सोडत. दोरावर खोडाचं पुढचं टोक उचललेलं राहतं, माती कमी खरवडते, आणि डोंगर फोडून रस्तेही कमी काढावे लागतात.