खलबतं म्हणजे काय? लेकीला पत्र

प्रिय मनू,

तुझा निरोप काल रात्री ड्यूटी संपल्यावर ऐकला. तू, आदू आणि शेजारची दोघं गच्चीवर टाकीच्या मागे बसून हळू आवाजात बोलत होतात, आजी वाळवण उचलायला वर आली आणि म्हणाली, “काय गं, कसली खलबतं चाललीयत?” त्यावर तू मला विचारलंस की खलबत म्हणजे खलबत्त्यातलंच काही असतं का, ते करणं वाईट का, आणि इतिहासाच्या तासाला ‘नाशिक कट’ म्हणाले ते हेच का. आजी तुम्हाला रागावली नव्हती, हे आधी सांगते. रागावली असती तर तिने “काय कारस्थान शिजतंय?” असं विचारलं असतं.

खलबत्त्याशी याचं काही नातं नाही. तो खल आणि बत्ता. खलबत अरबीतून आलं, फारसीच्या वाटेने. माझ्या वॉर्डातल्या ओमानी मैत्रिणीला आज मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, खलवा म्हणजे एकांत, माणूस एकटा शांत बसतो ते. त्यात कट नाही की कपट नाही. सूफी साधक जगापासून दूर बसून ध्यान करतात, त्यालाही हाच शब्द आहे. हिंदीतलं ‘खाली’, म्हणजे रिकामं, तेही याच धातूचं. फारसीत शेवटचा त ठळक होतो, खल्वत. दख्खनच्या दरबारांतून तो आपल्याकडे आला आणि मराठी जिभेने व चा ब केला.

आता एकांताचं खलबत कसं झालं? राजाला चारचौघांत सगळं बोलता येत नाही. दरबारात वकील येतात, नजराणे येतात, आणि भिंतीलाही कान असतात. म्हणून मोजक्या विश्वासू माणसांना घेऊन बसायची वेगळी जागा असे, ती खलबतखाना. रायगडावर राजवाड्याच्या आवारात जमिनीखालची एक खोली खलबतखाना म्हणून दाखवतात. स्वराज्याच्या मसलती ज्या खोलीत व्हायच्या त्या खोलीचं नाव वाईट कसं असेल? शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, तरी खलबत मराठीच्या तोंडात राहिलंच. पुढे दरबार गेले, राजे गेले आणि शब्द घराघरांत आला. आता लग्नाची बोलणी आतल्या खोलीत चालली तरी खलबतंच, आणि टाकीमागे चार पोरं बसली तरी खलबतंच.

वाईट होतं ते कधी, हे कळायला तुला लांब जायला नको. आपल्या नाशिकात नवश्या गणपतीला आपण जातो ना, ती आनंदवली. राघोबादादा आणि आनंदीबाईंचा वाडा तिथे होता, गावाचं नावही आनंदीबाईंवरून पडलं असं मानतात. पुण्यात 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी, म्हणजे पगारी पहारेकरी शिपायांनी, खून केला. पेशवा जेमतेम अठरा वर्षांचा होता आणि राघोबादादा त्याचे सख्खे काका. ‘नारायणरावास धरावे’ अशा हुकुमातला ध पुसून आनंदीबाईंनी मा केला, ही गोष्ट तू आजीकडून ऐकली असशील. ‘ध चा मा करणे’ तिथूनच आलं. पण बाळा, आनंदीबाईंनी अक्षर बदललं याचा पुरावा नाही, ती लोकांच्या तोंडची गोष्ट आहे. राघोबादादांना मात्र पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी तोंडावर दोषी ठरवलं. मला नेहमी वाटतं, दोष काकांवर ठरला आणि म्हण काकूंच्या नावाने उरली, हे बरोबर झालं नाही. तू ती म्हण खुशाल वापर, पण वापरताना एवढं लक्षात असू दे.

त्याच खुनानंतर दुसरं एक कारस्थान झालं आणि ते मराठी माणूस अभिमानाने सांगतो. नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकमामा पेठे अशी मंडळी गुपचूप एक झाली, राघोबादादा मोहिमेवर आहेत हे साधून त्यांनी गंगाबाईला पुरंदरावर नेऊन सुरक्षित ठेवलं. 18 एप्रिल 1774 ला मुलगा झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळाला, सवाई माधवरावाला, पेशवाईची वस्त्रं मिळाली. याला म्हणतात बारभाईंचं कारस्थान. इथेही दारं बंदच होती आणि आवाज हळूच होते. पण एका दाराआड पोरसवद्या पुतण्यावर हात टाकायचं ठरत होतं आणि दुसऱ्या दाराआड अजून न जन्मलेल्या बाळाला जपायचं. दोन्ही वेळी शब्द मात्र एकच, कारस्थान.

तुमचं काय शिजतंय ते आदूने मला सांगून टाकलंय, त्याच्यावर चिडू नकोस. रंगपंचमीला मामाला ‘नुसतं बघायला चल’ म्हणून तिवंध्याच्या रहाडीपाशी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या त्या हौदापाशी, न्यायचं आणि धप्पा, म्हणजे आत उडी, मारायला लावायचा! मामा कचरतो पण रंग त्याला आवडतो, त्यामुळे माझी हरकत नाही. फक्त त्याचा चष्मा आणि फोन आधी काढून घ्या. आणि रहाडीभोवती गर्दी फार रेटते, म्हणून मोठं कोणीतरी तुमच्यात असायलाच हवं. आजोबांना सामील करून घ्या, ते कोणाला सांगणार नाहीत.

राहिला नाशिक कट. 1909 साली बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. त्याचा राग नाशिकच्या तरुणांच्या मनात होता, आणि त्यासाठी ते कलेक्टरला जबाबदार धरत होते. 21 डिसेंबरला विजयानंद थिएटरात शारदा नाटकाचा प्रयोग होता, बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनसाहेबांना निरोप द्यायला. तिथे अनंत कान्हेरेने त्यांना गोळ्या घातल्या. जॅक्सनसाहेब संस्कृतचे जाणकार होते, नाटकाला आवडीने आले होते. अनंत कोवळ्या वयाचा होता. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे यांना फाशी झाली. सरकारने खटला भरला तेव्हा त्याला कट म्हटलं, कारण सरकारला तो कटच होता. नाशिककरांनी त्याच मुलांना हुतात्मा म्हटलं.

माणूस मारला गेला हे तुला खटकेल, खटकायला हवं. मलाही या प्रसंगाबद्दल एका ओळीत उत्तर देता येत नाही. आजोबांकडे याबद्दलची पुस्तकं आहेत, वरच्या फळीवर डाव्या हाताला. आधी त्यांच्याबरोबर वाच, मग शुक्रवारी फोनवर आपण दोघी नीट बोलू. सुट्टी आहे मला.

तुझी
आई