अक्सीर: गुजरातीतून आला की आधीपासूनच आपला?

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर आवरताना एका वाचकाला मलमाची गोल पत्र्याची डबी सापडली. झाकणावर अर्ध्या भागात गुजराती, अर्ध्यात मराठी: 'खरूज, नायटा, गजकर्ण यांवर अक्सीर'. ते विचारतात, हा 'अक्सीर' आपण बडोदेकरांनी गुजरातीतून उचलला का? 'अक्षर' किंवा हिंदीतल्या 'अक्सर'शी त्याचं काही नातं आहे का?

गुजरातीतून उचललेला नाही. ज्यांचा गुजरातीशी कधी संबंध आला नाही असे मराठी लोकही 'अक्सीर इलाज' म्हणतात. मूळ शब्द अरबी, 'इक्सीर'. तो फारसीत आला आणि तिथून मराठी, गुजराती, उर्दू अशा सगळ्यांकडे पोचला. 'अक्षर' संस्कृत आहे, त्याचा इथे संबंध नाही. 'अक्सर' अरबीच, पण त्याचा धातू 'पुष्कळ असणे' या अर्थाचा, म्हणजे वेगळा.

अरबांनी हा शब्द ग्रीकांकडून घेतला असं मानतात. ग्रीकमध्ये 'क्सेरिऑन' म्हणजे जखमेवर भुरभुरायची कोरडी पूड. किमयागारांच्या हाती पडल्यावर तिचं मोल चढलं. तांब्याचं सोनं करणारी भुकटी ती अक्सीर, आणि पुढे म्हातारपण पळवणारं औषध तेही अक्सीर. युरोपने तो घेतला तेव्हा अरबीतलं 'अल' हे उपपदही मागोमाग गेलं. 'अल-इक्सीर'चं 'एलिक्झर' झालं, आणि औषधशास्त्रात त्याचा अर्थ गोड केलेलं, बहुधा अल्कोहोल असलेलं पातळ औषध असा ठरला. कोरड्या पुडीचा शब्द शेवटी बाटलीत गेला! आपल्याकडे तो फारसीच्या वाटेने 'अल' गाळून आला. म्हणजे 'अक्सीर' आणि 'एलिक्झर' हा एकच शब्द.

बडोदेकरांना या कुळातला आणखी एक शब्द रोज भेटतो आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, तो म्हणजे अलेम्बिक. बडोद्याचा हा औषधांचा कारखाना 1907 सालचा. स्थापनेत कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन ही नावं येतात. सुरुवातीचा माल टिंक्चर आणि अल्कोहोल. 'अल-अंबीक' म्हणजे ऊर्ध्वपातनाचं भांडं: खाली भट्टीवर पोट, वर टोपी, आणि टोपीला खाली झुकलेली लांब चोच. वाफ टोपीत चढते, थंड होते आणि चोचीतून थेंब थेंब उतरते. टिंक्चर आणि अल्कोहोल करणाऱ्या कारखान्याला याहून नेमकं नाव सापडलं नसतं. आणि कारखान्याच्या मूळ नावातलं 'केमिकल'? त्याच्या मुळाशी अरबी 'अल-कीमिया' आहे, म्हणजे आपली 'किमया'. 'अलेम्बिक केमिकल वर्क्स' ही जुनी पाटी इंग्रजी वाटते खरी, पण तिचे पहिले दोन शब्द अरबांकडून आलेले आहेत. मला याचा फार आनंद होतो.

'अर्क'ही याच भांड्यातला. अरबी 'अरक' म्हणजे घाम. भांड्याला सुटलेला घाम तो अर्क. संस्कृत 'अर्क' म्हणजे सूर्य किंवा रुई, तो निराळा. मराठीत दोघांचं लेखन एक झालं. 'हा पोरगा म्हणजे अर्क आहे' यातला मात्र अरबीच.

आता वापर. 'रामबाण' आणि 'अक्सीर' एकमेकांच्या जागी सर्रास येतात. माझ्या कानाला फरक जाणवतो. रामबाण चुकत नाही, यात भर नेमाच्या अचूकपणावर आहे. अक्सीर अंगात भिनून पालट घडवतं, यात भर गुणावर आहे. म्हणून जुनाट नायट्याला अक्सीर मलम शोभतं आणि उचकीला रामबाण उपाय.

जाहिरातींत हा शब्द पूर्वी सढळ हाताने वापरत. 1954च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मधुमेह, मोतीबिंदू अशा यादीतल्या आजारांवर बरं करण्याचे दावे छापायला बंदी आली. छापील दाव्यांना असा चाप बसला, तरी बोलण्यातला 'अक्सीर इलाज' शाबूत राहिला.

लिहिताना गुजरातीत 'अकसीर' असा सुटा क लिहितात, उच्चार जवळपास तोच. मराठीत जोडाक्षर ठेवावं: अक्सीर. लिंगवचनाने तो बदलत नाही: अक्सीर मलम, अक्सीर गोळी, अक्सीर काढे. आणि आजार सांगायचा तर '-वर' लावायचं, खोकल्यावर अक्सीर. 'खोकल्यासाठी अक्सीर' हे अलीकडचं वळण मला खटकतं; डबीवरचं 'यांवर' अगदी बरोबर आहे.